भुताची अट

भयपट पाहून आलेल्या माणसाला आपण एकच प्रश्न विचारतो, "घाबरलास का?" अद्भुतपट पाहून आलेल्याला विचारतो, "ग्राफिक्स कसे आहेत?" पहिल्याने 'छे, एवढं काही नाही' म्हटलं की भयपट बाद. दुसऱ्याने 'ठीक आहेत, पण हॉलिवुडची सर नाही' म्हटलं की अद्भुतपट बाद. मुलुंड किंवा बोरिवलीच्या लोकलपासून वर्तमानपत्रातल्या परीक्षणापर्यंत हीच दोन मापं चालतात. ती अपुरी तर आहेतच, शिवाय दिशाभूल करणारी आहेत.

माझं म्हणणं सरळ आहे. या दोन्ही जातींच्या सिनेमाचा कस लागतो तो त्यातल्या अटीवर. दिग्दर्शक एक अशक्य गोष्ट आपल्यापुढे ठेवतो आणि तिला एक अट घालतो. ती अट त्याने शेवटपर्यंत पाळली आणि पात्रांकडून तिची किंमत वसूल केली, तर सिनेमा उभा राहतो. किंचाळी, धूर आणि संगणकावरची कारागिरी या नंतरच्या गोष्टी. वास्तववादी सिनेमाला आपलं जग सिद्ध करावं लागत नाही, ते बाहेर रस्त्यावर तयार असतं. अद्भुताला सगळं शून्यापासून बांधायचं असतं, म्हणून शिस्त सर्वांत जास्त लागते ती इथेच. आपण मात्र याच प्रकाराला पोरखेळ म्हणतो.

१. भीती आणि करामत ही मापं का चालत नाहीत

दचकणं आणि भिणं यांत फरक आहे. पडद्यावर शांतता पसरवायची आणि अचानक कानठळ्या बसवणारा आवाज करायचा, म्हणजे कुणीही दचकेल. मागच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली तरी माणूस दचकतो, म्हणून कुकरला आपण कलावंत म्हणत नाही. दचकणं शरीराचं काम आहे आणि दुसऱ्या वेळी ते होत नाही. भीती हेच माप असेल तर कोणताही भयपट दुसऱ्यांदा पाहण्यासारखा उरायला नको.

प्रत्यक्षात काय झालं? राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' १२ ऑक्टोबर २०१८ ला आला आणि बेताचा चालला. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त पैसे कमावून गेला. घाटकोपरच्या मॉलमधल्या पडद्यावर तो पाहायला आलेल्यांत मोबाइलवर आधी पाहून आलेलेच जास्त दिसत होते. त्यातला राक्षस हस्तर कुठल्या क्षणी, कुठल्या बाजूने येणार हे त्यांना पाठ होतं. ही मंडळी घाबरायला आलेली नव्हती.

करामतीचंही तेच. आजचे ग्राफिक्स पाच वर्षांत शिळे होतात. १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'साठी बाबूभाई मिस्त्रींनी काळ्या पार्श्वभूमीवर काळ्या दोऱ्याने वस्तू हलवल्या आणि इंडस्ट्रीने त्यांचं नावच 'काला धागा' पाडलं. पुढे होमी वाडियांच्या चेंबूरच्या बसंत स्टुडिओत त्यांनी राक्षस, उडते गालिचे आणि आख्खं रामायण उभं केलं. ते आज भाबडं दिसतं, हे खरंच. पण 'प्रभात'च्या १९३६ च्या 'संत तुकाराम'मधलं विमान पाहा. ते खोटं आहे हे शाळकरी पोरगंही सांगेल, तरी तो शेवट आजही काम करतो, कारण चित्रपटाने त्या चमत्काराची किंमत आधीच मोजून ठेवलेली आहे. तुकोबा वर जातात आणि संसाराचा गाडा ओढणारी जिजाई खाली जमिनीवर राहते. आपली नजर विमानावर ठरत नाही, तिच्यावर ठरते.

जाता जाता एक आठवण. ज्यांच्या नावाने गोरेगावची चित्रनगरी उभी आहे ते दादासाहेब फाळके जादूचे प्रयोगही करत. आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' हे त्यांनी त्यासाठी घेतलेलं नाव. आपला सिनेमा जादूगाराच्या घरात जन्मला. त्याला वास्तववादाची दीक्षा नंतर मिळाली.

२. अट म्हणजे काय

हे परदेशातून आणलेलं तत्त्व नाही. वेताळाच्या गोष्टी घ्या. विक्रमाने प्रेत खांद्यावरून नेताना तोंड उघडायचं नाही ही एक अट. गोष्टीच्या शेवटी उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील ही दुसरी. दोन अटी एकमेकींवर आदळतात आणि त्या धडकेतून पंचवीस गोष्टी निघतात. वेताळ दिसतो कसा, याची फारशी पर्वा कुणालाच नसते. आपल्या व्रतांच्या कहाण्यांचं यंत्रही हेच आहे. वसा घेतला, वैभव आलं, माणूस उतला, वसा टाकला, होतं नव्हतं ते गेलं. श्रावणात आजीच्या तोंडून या कहाण्या ऐकणाऱ्या मुलाला अद्भुतकथेचं व्याकरण वेगळं शिकवावं लागत नाही.

चांगल्या अटीत मला तीन गोष्टी दिसतात. एक, ती वेळेवर कळते, ऐन शेवटी खिशातून काढली जात नाही. दोन, ती सगळ्यांना लागू असते, नायकालाही. तीन, आणि ही सर्वांत महत्त्वाची, ती पात्राच्या एखाद्या हव्यासाला किंवा दुखण्याला बरोबर नडते. गिलेर्मो देल तोरोच्या 'पॅन्स लॅबिरिंथ'मध्ये (२००६) मुलीला बजावलेलं असतं की त्या मेजावरचं काही खायचं नाही. स्पेनमध्ये यादवी नुकतीच संपलेली, लोक रेशनवर जगत असलेले, आणि समोर भरलेलं ताट. ती दोन द्राक्षं खाते. अट मोडते ती भुकेपोटी, म्हणूनच ते दृश्य हॉलभर सगळ्यांना लागतं.

महेश कोठारेंचा 'झपाटलेला' (१९९३) आपण विनोदी म्हणून बाजूला काढतो. त्याची कल्पना अमेरिकेच्या 'चाइल्ड्स प्ले'वरून (१९८८) घेतलेली आहे, यात लपवण्यासारखं काही नाही. पण अट किती चोख पाळली आहे! गुंड तात्या विंचूचा आत्मा बाहुल्यात अडकला. बाहेर पडायचं तर ज्याला पहिल्यांदा आपलं गुपित सांगितलं त्याच्याच देहात शिरता येणार, आणि तो निघतो बावळट लक्ष्या. मारायचं तर गोळी दोन भुवयांच्या मधोमधच लागली पाहिजे. रामदास पाध्यांचा तो बाहुला आजच्या नजरेला लाकडीच दिसतो, तरी गोष्ट कुठेही ढिली पडत नाही. एका पिढीने त्या बाहुल्याच्या धास्तीने रात्री खेळण्यांची टोपली खोलीबाहेर ठेवली, ती काही ग्राफिक्समुळे नव्हे.

३. 'तुंबाड'चं गणित

आता ज्या सिनेमात हे सगळं एकत्र येतं तिथे जरा थांबू. 'तुंबाड'च्या मुळांचा हिशेब आधी सांगून टाकतो. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'ची आठवण देणारं, साखळीने बांधलेली म्हातारी नारायण धारपांच्या 'आजी'तून आलेली, आणि धारपांची 'आजी' स्टीफन किंगच्या एका कथेतून. उसनवारीचा एवढा प्रवास करूनही ही गोष्ट पुरती कोकणातली आणि पुण्यातली वाटते. याचंही कारण अटच.

हस्तर हा देवीचा पहिला मुलगा. सोनं त्याने लाटलं, धान्य मात्र हाती लागू दिलं गेलं नाही. आईने त्याला आपल्या गर्भात लपवून वाचवलं, पण त्याचं नाव पुसलं गेलं. त्याच्या लंगोटात मोहरा आहेत आणि पोटात न भागणारी भूक. चित्रपटाचा नायक विनायकरावाने यावर तोड काढलेली असते. दोर सोडून गर्भात उतरायचं, पिठाचं रिंगण करून आत बसायचं, कणकेची बाहुली आमिष म्हणून टाकायची, आणि हस्तर बाहुलीवर तुटून पडला की लंगोटाला हिसका देऊन सांडतील तेवढ्या मोहरा घेऊन वर यायचं. एका खेपेला मूठभर. याला मी चमत्कार म्हणणार नाही, ही रोजंदारी आहे. पळापळ, घाम, दोर आणि धोका. पंकजकुमारचा कॅमेरा तिथल्या लाल भिंती अशा दाखवतो की त्या शिवशिवत आहेत असं वाटतं, आणि त्या भिंतींच्या आत बसून एक माणूस चक्क कमाई करत असतो.

मग मुलगा पांडुरंग म्हणतो, मूठ मूठ कशाला, आख्खा लंगोटच पळवू. त्यासाठी खूप बाहुल्या न्यायच्या, म्हणजे हस्तर खात बसेल. बापलेक गर्भात उतरतात, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर उभे राहतात. हा क्षण मला भारतीय भयपटातला सर्वांत मोठा वाटतो, कारण इथे अट मोडलेलीच नाही. ती तंतोतंत पाळली गेली आहे, फक्त हावेने तिला मोठ्या आकड्याने गुणलं. दिग्दर्शकाने नवं काही आणलं नाही. पहिल्या खेपेपासून उत्तर आपल्या डोळ्यांसमोर होतं, आपण आणि विनायकराव दोघांनीही बेरीज केली नव्हती. त्यानंतर बाप सगळ्या बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधून घेतो, तेव्हा ते बलिदान भावुक वाटत नाही. कुणीतरी फेडायलाच हवं होतं, इतकं ते कोरडं आहे.

आणि हे घडतं १९१८, १९३३ आणि १९४७ या टप्प्यांवर. सरकारांच्या वाड्यातलं सोनं, पुण्यातलं सावकारी वळणाचं जगणं, आणि शेवटी नवं सरकार वाडा ताब्यात घेणार म्हणून झालेली घाई. स्वातंत्र्याच्या वर्षात एक मराठी बाप मुलाला वारसा म्हणून चोरी शिकवतो आहे. समाजशास्त्राच्या चार पुस्तकांत बसेल एवढा मजकूर या एका भयपटात आहे, आणि बाहेर पडताना आपण विचारतो, "घाबरलास का?"

४. चाळीत भूत का नांदत नाही

इथे उपनगरांकडे वळायला हवं, कारण आपल्या भयपटाचा मोठा भाग इथे बनला आणि तो इथल्या माणसाबद्दल फार थोडं बोलला.

मालाडच्या बॉम्बे टॉकीजने १९४९ मध्ये कमाल अमरोहींचा 'महल' काढला, आणि हिंदी भुताटकीची वाट पाडली गेली: ओसाड हवेली, झुंबर, झुला, दुरून येणारा स्त्रीचा आवाज. पुढे रामसे बंधूंनी हीच हवेली 'पुराना मंदिर' (१९८४), 'वीराना' (१९८८) अशा चित्रपटांत इतकी झिजवली की तिचे खिळे दिसू लागले. रामसेंची टिंगल करणं सोपं आहे. पण एक मोठी गोची त्यांच्याही आधीपासून होती. तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाकडे हवेली नव्हतीच. तो गिरगाव-परळच्या चाळीतून बोरिवली, मुलुंड, घाटकोपरला येत होता. चाळीत भुताला जागा मिळत नाही असं माझं जुनं मत आहे. दार दिवसभर उघडं, व्हरांडा सगळ्यांचा, रात्री कुणी ओरडलं तर सहा जण कंदील घेऊन येणार. भुताला बंद दार लागतं, आणि ते आपल्याला उपनगरातल्या फ्लॅटने दिलं. लॅच ओढलं की शेजारच्याचं नावही कळत नाही.

राम गोपाल वर्मांनी 'भूत' (२००३) मध्ये नेमकं हे पकडलं. गाणी नाहीत, हवेली नाही. मुंबईतला उंच इमारतीतला फ्लॅट, लिफ्ट, रखवालदार, घरकामाची बाई. आणि अट? या घरात आधी राहणारी बाई बाल्कनीतून पडून मेली हे नवऱ्याला माहीत आहे आणि तो बायकोला सांगत नाही. खरी भुताटकी इथेच सुरू होते, व्यवहारात दडवलेल्या माहितीतून. फ्लॅट बघायला गेलो की आपण पाणी किती तास, पार्किंग आहे का, स्टेशन किती मिनिटांवर हे सगळं विचारतो. 'इथे आधी कोण होतं आणि त्यांचं काय झालं', हे विचारत नाही. बायको झालेल्या उर्मिला मातोंडकरचा पूर्वार्ध या न विचारलेल्या प्रश्नावर चालतो आणि फार उंच जातो. उत्तरार्धात मांत्रिक बाई येते, खुनाचा छडा लागतो, गुन्हेगार सापडतो, आणि नवऱ्याचं ते लपवणं कुणाच्या लक्षातही राहत नाही. भुताने न्याय मिळवला, पण अट ज्याने मोडली तो मोकळा सुटला. म्हणून 'भूत' माझ्या लेखी अर्धाच थोर.

आदित्य सरपोतदारांचा 'झोंबिवली' (२०२२) मुलुंडच्या पुढे ठाणं ओलांडून डोंबिवलीत घडतो. गृहसंकुल, शेजारची वस्ती आणि पाण्याचा प्रश्न अशी त्याची मांडणी. मराठीत झोंबी आणण्याचं धाडस केलं याचं कौतुक झालं. मला त्याहून मोलाचं वाटलं ते हे की संकुल आणि वस्ती यांच्यातली भिंत ही त्या चित्रपटात खरीखुरी अट होते: ती कुणाला वाचवणार आणि कुणाला बाहेर ठेवणार. धावपळीत ही भिंत मध्येच विसरली जाते, ही खंत आहे.

५. आक्षेप: हे सगळं अंधश्रद्धा वाढवतं

हा आक्षेप महाराष्ट्रात हलक्याने घेता येत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला तो २० ऑगस्ट २०१३ ला, आणि जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतरच झाला. इथे भुताची गोष्ट सांगणाऱ्यावर जबाबदारी आहे, हे मला मान्य आहे.

पण मग नीट पाहा की नुकसान कुठे होतं. वर्मांच्याच 'फूँक'मध्ये (२००८) नास्तिक बापाला शेवटी मांत्रिकाला शरण जावं लागतं, आणि चित्रपट त्याच्या नास्तिकपणालाच दोषी धरतो. 'एक थी डायन'मध्ये (२०१३) लिफ्टने पाताळात उतरणारी मुलं ही कल्पना फार सुंदर आहे, पण डाकिणीची सगळी ताकद तिच्या वेणीत असते. ज्या देशात डाकीण ठरवून बायकांना मारलं जातं, तिथे लांब वेणीच्या बाईकडे संशयाने बघायला शिकवणारा चित्रपट मला बेजबाबदार वाटतो. ही दोन्ही उदाहरणं आक्षेपाच्या बाजूची आहेत, ती मी झाकत नाही.

याच्या उलट विशाल फुरियांचा 'लपाछपी' (२०१७). उसाच्या फडात अडकलेली गरोदर बाई, तीन लहान मुलं, आणि हळूहळू कळत जाणारी मुलींच्या हत्येची परंपरा. इथे मंत्राने काही सुटत नाही. भूत हे एका गुन्ह्याची थकबाकी आहे, आणि तो गुन्हा पूर्णपणे माणसांचा आहे. अंधश्रद्धा माणसाला सांगते की तुझ्या दुःखाचं कारण दुसऱ्या कुणाची करणी आहे. चांगला भयपट सांगतो की करणी तुझीच आहे, तुझ्या बापाची आहे, तुझ्या गावाची आहे.

'शेवटी भूत नव्हतंच' असं दाखवलं की चित्रपट विवेकी होतो, हाही एक गोड गैरसमज. 'महल'मध्येही भूत नाही, माळ्याची मुलगी आहे. पण हे कळेपर्यंत नायकाच्या बायकोचा जीव गेलेला असतो आणि खुलासा झाल्यावरही त्याचं वेड जात नाही. अमरोहींनी भूत नाकारलं आणि पछाडलेपण तसंच ठेवलं, हा विवेक. याउलट कितीतरी चित्रपटांत शेवटी तस्करांची टोळी सापडते आणि सगळं आलबेल होतं. ती दिग्दर्शकाची पळवाट असते, तिला विज्ञाननिष्ठा म्हणू नये.

६. आणखी एक आक्षेप, आणि एक नवी काळजी

गंभीर प्रेक्षक म्हणतो, मराठीत 'श्वास', 'फँड्री', 'कोर्ट' झाल्यावर भुतंखेतं कशाला? मी त्याला 'फँड्री'च (२०१३) पुन्हा पाहायला सांगेन. त्यातला पोरगा जब्या काळ्या चिमणीमागे का धावतो? ती जाळून तिची राख त्याला आवडणाऱ्या, वरच्या जातीतल्या शालूवर टाकली की शालू वश होईल, म्हणून. नागराज मंजुळेंच्या सर्वांत कठोर वास्तववादी चित्रपटाच्या मध्यावर ही शुद्ध परीकथेतली अट बसलेली आहे. चिमणी हाती लागत नाही. अद्भुताची अट पुरी होऊ न देणं हेच तिथे जातीचं वास्तव आहे. ज्यांना ही चिमणी सजावट वाटली त्यांनी अर्धा चित्रपट पाहिला.

विनोदी भयपटांबद्दल मला तक्रार नाही. 'एक डाव भुताचा' (१९८२) पासून मराठी माणूस भुताबरोबर हसत आला आहे. सरपोतदारांचा 'मुंज्या' (२०२४) सुरुवातीला फार नेमका आहे: मुंज होऊन थोड्याच दिवसांत मेलेला मुलगा, अपुरी राहिलेली लग्नाची इच्छा, कोकणातलं झाड, रक्ताच्या नात्यालाच चिकटणारं भूत. ही अट शंभर टक्के घरची आहे, तिच्यासाठी कुणाच्या दारात जावं लागलं नाही. काळजी वेगळीच आहे. शेवटी दुसऱ्या चित्रपटातला लांडगा-माणूस येऊन हजेरी लावतो, कारण आता सगळी भुतं एकाच कंपनीच्या एकाच विश्वातली झाली. विश्व चालू ठेवायचं म्हणजे कुणालाच कायमचं मरू द्यायचं नाही, कुठलाच हिशेब पुरता मिटवायचा नाही. कणकेच्या बाहुल्या अंगाला बांधून विनायकराव गेला तो गेलाच. पुढच्या भागासाठी तो परत आला असता, तर 'तुंबाड'मध्ये उरलं काय असतं?

७. न निघालेला चित्रपट

एक चित्रपट मला पाहायचा आहे आणि तो अजून कुणी काढलेला नाही. मुलुंड पूर्वेला, घाटकोपरच्या पंतनगरात किंवा बोरिवलीच्या एखाद्या गल्लीत चार मजली जुनी सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. पूर्वी याहून जास्त सभासदांची संमती लागायची, २०१९ पासून एकावन्न टक्के पुरते. समजा, सोसायटी एकावन्नला दोन सह्यांनी कमी पडते आहे. सभासद रजिस्टरमध्ये तीन नावं अशी आहेत की माणसं केव्हाच गेली, पण वारसांच्या भांडणात भाग दाखला त्यांच्याच नावावर राहिला. सेक्रेटरी एका रात्री त्या नावांपुढे सह्या करून टाकतो आणि विशेष सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर होतो. आता ते तिघे सभासद आहेत, संमती दिलेले सभासद. पांढरी साडी नको, विस्कटलेले केस नकोत, मांत्रिक तर अजिबात नको. पाडकाम सुरू होण्याआधी भाडं, कॉर्पस आणि नव्या टॉवरमध्ये कितव्या मजल्यावर जागा, एवढंच ते विचारायला येतात. सोसायटीच्याच उपविधींवर बोट ठेवून, दर सभेला, वेळेवर.